तलवारीआधी टाक

भूमिका मिळाली की नटाला पहिला मोह होतो तो दाढीचा. त्यातून भूमिका वासुदेव बळवंत फडक्यांची असेल तर विचारायलाच नको. पनवेलच्या माणसाला तो चेहरा पाठच असतो. शिरढोण इथून जवळ, गोवा रस्त्यालाच. शहरातल्या नाट्यगृहाला नाव त्यांचं. मुंबईला मेट्रो सिनेमापाशी उतरलात तर तो चौकही त्यांच्याच नावाचा. त्यामुळे वाचनाच्या दिवशी भूमिका माझ्या वाट्याला आली तेव्हा मी मनातल्या मनात वस्तरा फेकून दिला होता. आमच्या दिग्दर्शकानं ते ओळखलं असावं. म्हणाला, "दाढी वाढवायची नाही. प्रयोगाला चिकटवू. आत्तापासून वाढवलीस तर दोन महिने आरशात बघत बसशील आणि डोळे वटारायची सवय लागेल."

आमची संस्था हौशी. एक शिक्षक, एक एलआयसीचा एजंट, एक नर्स, कॉलेजची चारपाच पोरं, एक ट्रेलर ड्रायव्हर आणि मी. मी एका सीएचएच्या ऑफिसात, म्हणजे कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एजंटाकडे, नोकरीला आहे. न्हावाशेवा बंदरात येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री भरायचं, चेकलिस्ट पार्टीला पाठवायची, ड्युटी भरली का बघायचं, डिलिव्हरी ऑर्डर निघाली का म्हणून शिपिंग लाइनच्या मागे लागायचं. तालीम रात्री आठनंतर, शाळेच्या हॉलमध्ये, बाकं एका बाजूला लावून. मराठी रंगभूमीला असल्या उसन्या वेळाची सवय आहे. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर, अमोल पालेकर बँकेत, निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पुढं यांतले बहुतेक नोकरीतून सुटले. आम्ही सुटणाऱ्यातले नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. ते का, ते पुढं येईल.

दिग्दर्शकाकडे के. नारायण काळ्यांच्या 'अभिनय साधना'ची एक जुनी प्रत आहे, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. स्तानिस्लावस्कीच्या पुस्तकाचा हा मराठी अवतार. नव्या पोरांच्या हातात तो ती पहिल्याच आठवड्यात देतो. त्यातली सगळ्यांना पटकन कळणारी आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे 'जर' हा प्रश्न: या परिस्थितीत मी असतो तर काय केलं असतं? साध्या घरगुती नाटकात हा प्रश्न कामाला येतो. फडक्यांच्या बाबतीत मी तो स्वतःला विचारला तेव्हा प्रामाणिक उत्तर आलं ते असं, की मी काहीच केलं नसतं. माझ्या डोक्यावर नवीन पनवेलच्या फ्लॅटचं कर्ज आहे. इंग्रज सरकारच्या नोकरीत असतो तर पेन्शनीकडे डोळे लावून बसलो असतो, आणि साहेबानं रजा नाकारली असती तर दुसऱ्या दिवशी तोच अर्ज जरा नरम भाषेत लिहून पुन्हा टाकला असता.

रजेचा अर्ज म्हटल्यावर मी थांबलो. कारण चरित्रात तो आहेच. फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, ते राज्य १८१८ साली गेलेलं. नातू इंग्रजी शिकला, मुंबईत दोनतीन ठिकाणी कारकुनी केली आणि मग पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात लागला. तिथं किती वर्षं काढली, तर जवळजवळ बंड करेपर्यंत. शिरढोणला आई आजारी पडली तेव्हा रजा मागितली, मिळाली नाही. तसेच निघून आले तर आई गेलेली. पुढं तिच्या वर्षश्राद्धालाही रजेवरून पुन्हा तोच खेळ. वि. श्री. जोशींनी लिहिलेलं चरित्र वाचताना इतर सगळे लोक १८७९ च्या पानांपाशी घाईनं जातात. मी या रजेपाशी अडकलो. घोडा, तलवार, गनिमी कावा यांतलं मला काही येत नव्हतं. पण साहेबाच्या केबिनबाहेर अर्ज घेऊन उभं राहणं? त्यात माझी वीस वर्षांची साधना होती.

आमच्या संहितेत ऑफिसचा प्रवेश जेमतेम दीड पानाचा. लेखकाच्या दृष्टीनं ती नुसती पायरी, तिथून वर चढून भाषणाला लागायचं. मी त्या दीड पानावरच बसलो. पहिली गोष्ट केली ती म्हणजे टाक आणला. लाकडी दांडी, पितळी निब, दौत, टीपकागद. रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून हिशेब उतरवायला बसायचो. बॉलपेनच्या पिढीला टाक म्हणजे काय ते हातात धरल्याशिवाय कळत नाही. खाली ओढताना दाब द्यायचा, वर नेताना हात हलका. वर नेताना दाबलं की निब कागदात घुसते आणि शाईचे शिंतोडे उडतात. चारपाच शब्द झाले की शाई संपते. मग दौतीकडे जायचं, बुडवायचं, कडेला निथळवायचं, परत यायचं. म्हणजे माणूस लिहिता लिहिता बोलत असेल तर त्याचं बोलणंही त्या फेऱ्यांनी तुटतं. रागावून जोरात लिहिता येत नाही. राग आला तरी हात हलकाच ठेवावा लागतो, नाहीतर पान वाया जातं आणि पान वाया गेलं तर आणखी बोलणी. लष्करी हिशेब खात्यात दिवसचे दिवस असं बसलेल्या माणसाचा राग कुठं जात असेल? खांद्यात आणि मानेत, असं माझं उत्तर. आठवडाभरात माझा उजवा खांदा तसा वर चढलाच.

मग प्रवेश असा बसला: मी लिहितोय, बाहेरून शिपाई येतो, अर्जावर नकाराचा शेरा आहे असं सांगतो. संहितेत इथं मी ताडकन उठून उभा राहतो असं होतं. मी उठलो नाही. टाक दौतीत बुडवला, कडेला निथळवला, चालू ओळ पूर्ण केली, टीपकागद दाबला, आणि मग उठलो. तालमीत हे पहिल्यांदा केलं तेव्हा कोपऱ्यात चहा पिणारी पोरं गप्प झाली. दिग्दर्शक एवढंच म्हणाला, "हे राहू दे."

याच प्रवेशाचा दुसरा भाग मात्र मी ऑफिसातून उचलला, आणि त्याबद्दल मला आजही धड काही ठरवता येत नाही. आमच्याकडे एक सहकारी आहे, वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठा. नाव सांगत नाही. त्याचे वडील गावी अंथरुणाला खिळलेले. मार्च महिना, बंदरात मालाची गर्दी, अशा वेळी तो रजा मागायला गेला. मी काचेच्या पलीकडे होतो. साहेब फोनवर बोलत होते, त्यांनी हातानं 'थांब' अशी खूण केली. तो थांबला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता, आणि त्याचा अंगठा त्या घडीच्या कडेवरून पुढं-मागं फिरत होता. कागदाची ती कड चांगलीच मऊ झाली असेल. दुसरा हात टेबलाच्या काचेला लागलाय हे लक्षात आल्यावर त्यानं तो चटकन काढून घेतला आणि पाठीमागे नेला. साहेबांनी फोन ठेवला तेव्हा तो आधी हसला. मागायला आलेला माणूस आधी हसतो. मला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, आणि त्याच वेळी डोक्यातला एक कप्पा सगळं टिपून घेत होता: अंगठा, कड, हात मागे, हसू.

ते सगळं मी रंगमंचावर नेलं. फडके हसतात. आद्य क्रांतिकारक गोऱ्या साहेबासमोर आधी हसतो, हे आमच्या लेखकाला अजिबात रुचलं नाही. त्याचं म्हणणं, लोक उठून जातील. लोक गेले नाहीत. तो सहकारी मात्र प्रयोगाला आला होता, बायको आणि मुलीला घेऊन. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाला, "तुझं ते कागदाचं छान होतं रे." बस. त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचं म्हणून एकदोनदा त्याच्या टेबलापाशी गेलो, आणि कंटेनर नंबर विचारून परत आलो. बहुरूपी माणूस सोंग घेऊन दारात आला की निदान उघडपणे बिदागी मागतो. आम्ही लोकांच्या नकळत त्यांच्या लकबी नेतो आणि वर त्यांनाच तिकीट घ्यायला लावतो.

कारकून हा धागा हाती लागल्यावर पुढचं चरित्रही मला वेगळं दिसू लागलं. लहुजी वस्तादांच्या तालमीत शस्त्रं शिकलेला हा माणूस. १८७६-७७ च्या दुष्काळात गावंच्या गावं उपाशी मरताना पाहिलेला. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांना घेऊन शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिली धाड घातलेला. एवढं सगळं करत असताना हा गृहस्थ रोजनिशी लिहितो. श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेला तर तिथं बसून आत्मचरित्र लिहितो. डोंगरात लपलेला बंडखोर स्वतःच्या बंडाची नोंद ठेवतो! पुढं हे कागद सरकारच्या हाती लागले आणि पुण्याच्या खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. सार्वजनिक काका वकील म्हणून उभे होते, पण आरोपीनंच स्वहस्ते लिहून ठेवलेल्याला वकील काय करणार? इतिहासकार याला काहीही म्हणोत, मला नट म्हणून यात तो हिशेब खात्यातला हात दिसला. नोंद नाही म्हणजे काम झालं नाही, ही सवय. म्हणून जंगलातल्या प्रवेशातही माझ्याजवळ टाक आणि दौत राहिली. तलवारीचे हात मी एका व्यायामशाळेत जाऊन शिकलो, तेही गरजेपुरते. प्रेक्षकाला फारसं कळत नाही आणि पडद्यामागच्या पोरांनी ढालींचा आवाज नीट काढला की निभतं.

शिरढोणला मात्र मी बऱ्याचदा गेलो. पळस्पे फाट्याला वळलं की गर्दी, ट्रेलर, धूळ. कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागला की जरा हायसं वाटतं. फडक्यांच्या घरासमोर उभं राहिल्यावर अंगावर काटा येईल अशी अपेक्षा होती. काही आला नाही. पण अशा जुन्या घरांच्या दारांकडे माझं लक्ष गेलं, आणि त्यातून नाटकातला सर्वांत मोठा वाद जन्माला आला.

एडनच्या तुरुंगातून फडके निसटले ते दार बिजागऱ्यांतून उखडून, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. थोड्याच वेळात पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथंच गेले. आमच्या लेखकानं हा प्रवेश शेवटाला ठेवला होता आणि दार उखडता उखडता फडक्यांच्या तोंडी मोठं स्वगत घातलं होतं. मातृभूमी, समुद्र, शिरढोणचं अंगण, आईची आठवण, सगळं होतं त्यात. स्वगत चांगलं होतं. पाठांतराला सोपं, टाळ्यांच्या जागा नेमक्या. नेपथ्यात दार थर्मोकोल आणि प्लायचं. एका हातानं उचलता येणारं.

मला एकदा खरं दार उचलून बघायचं होतं. ओळखीच्या सुताराकडे गेलो. त्याच्या शेडमध्ये मोडलेल्या वाड्याची सागवानी दारं भिंतीला लावून ठेवलेली होती. नाटकासाठी हवंय म्हटल्यावर आधी तो हसला, मग एक दार चौकटीला लावून दिलं. बिजागरीचं दार काढायचं म्हणजे ओढायचं नाही, आधी उचलायचं. खिळा वरून जाईल तेवढं उचललं तरच ते सुटतं. आणि उचलायचं ते हातांनी नाही. गुडघे वाकवायचे, खांदा दाराच्या मधल्या पट्टीखाली घालायचा, आणि मांड्यांनी वर जायचं. एक बोट वर गेलं की तिथं थांबायचं, श्वास धरायचा, पुन्हा एक बोट. श्वास सोडला की दार खाली बसतं आणि पायाचा अंगठा गेलाच म्हणून समजा. मी दोनतीनदा करून पाहिलं. मग म्हटलं, आता स्वगत म्हणून बघू. "हे माते" एवढं तोंडातून निघालं आणि दार खाली आलं. सुतार म्हणाला, "बोलता बोलता नाय होत हे काम. आमच्यात पण कोणी बोलत नाय."

दार उचलणाऱ्या माणसाला वाक्यं नसतात, असं मी तालमीत जाऊन सांगितलं. लेखक चिडला, आणि त्याचं चिडणंही बरोबर होतं. त्याच्या मते रंगमंच म्हणजे सुताराची शेड नव्हे. संगीत नाटकात मरताना माणसं पदं गायची, प्रेक्षकांनी कधी तक्रार केली नाही. हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. पण आमचं नाटक त्या जातीचं नव्हतं. पहिल्या अंकात टीपकागद दाबणारा माणूस शेवटच्या अंकात तोफेसारखा बोलायला लागला तर तो दुसराच कोणीतरी वाटला असता. दोन दिवस अबोला झाला. शेवटी तडजोड निघाली: स्वगतातली आईची चार वाक्यं दार उचलण्याच्या आधी, जमिनीवर बसून, बाकी सगळं रद्द. उचलताना नुसता श्वास. नेपथ्यवाल्याला सांगून दारात जाड लाकडी पट्ट्या भरून घेतल्या, म्हणजे मला खोटं वजन दाखवावं लागू नये. नेपथ्य बदलणाऱ्या पोरांनी त्याबद्दल मला जे ऐकवलं ते इथं छापण्याजोगं नाही.

बेड्यांचंही तसंच झालं. कपडेपटवाल्याकडे मिळतात त्या साखळ्या हलक्या, चांदीचा रंग दिलेल्या. चाललं की छुमछुम वाजतात. तमाशात चालतील. आमच्यातला ट्रेलर ड्रायव्हर, आगरी समाजातला उमदा पोरगा, त्यानं ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा, माल ट्रेलरला बांधायची साखळी आणून दिली. एक वार तुकडा, तो सुद्धा पायाला बांधल्यावर दुसऱ्या मिनिटाला घोटा ओळखू येतो. घरात बांधून स्वयंपाकघर ते गॅलरी फेऱ्या मारायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, खालच्या काकूंनी विचारलं तर काय सांगू?" सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी मोजे घातले, साखळीला फडकं गुंडाळलं. त्या फेऱ्यांत कळलं ते हे, की बेडी घातलेला माणूस पाय उचलत नाही, सरकवतो. आणि वळताना आधी कंबर वळते, पाय मागाहून येतात. शिवाय तो आवाज होऊ नये म्हणून धडपडतो. सिनेमातल्या कैद्यांच्या साखळ्या सतत खणखणतात. इथं तर निसटू पाहणारा माणूस, त्याला साखळीचा आवाज नकोच असणार. दर पावलाला ती हातानं जरा वर धरायची, म्हणजे एक हात कायमचा अडकलेला. मग उरलेल्या एका हातानं आणि खांद्यानं दार. प्रवेश आपोआप बसत गेला, दिग्दर्शकाला फारसं काही सांगावं लागलं नाही.

साखळी आणून देणारा पोरगा आमच्या नाटकात फडक्यांचा साथीदार दौलतराव नाईक. ही भूमिका त्याला द्यायचं एक कारण असं, की मे १८७९ मध्ये दौलतरावांच्या टोळीनं पळस्पे आणि चिखलीला दरोडा घातला होता आणि हा रोज पळस्पे फाट्यावरून ट्रेलर घेऊन जातो. या योगायोगाचं त्याला भारी कौतुक. पण अडचण बोलीची. दौलतराव पुण्याकडचे रामोशी, आणि याच्या तोंडात जन्मापासूनचं आगरी. 'न्हाई'च्या जागी 'नय' यायचं, 'मला'च्या जागी 'मना'. "दादा, मना नय जमत," असं तो वैतागून म्हणायचा तेव्हा ते इतकं गोड वाटायचं की मीच म्हणायचो, राहू दे. दिग्दर्शक राहू देणाऱ्यातला नव्हता.

बोलीची तयारी म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं, भक्ती बर्वे. पुलंची 'ती फुलराणी' १९७५ ची. त्यात मंजुळेची एक भाषा पुसून तिच्या जिभेवर दुसरी बसत जाते, आणि हे नटीला दर प्रयोगाला पहिल्यापासून करायचं असतं. म्हणजे येत असलेली भाषा रोज नव्यानं विसरायची. शिकण्यापेक्षा हे अवघड. २००१ च्या फेब्रुवारीत वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्याजवळ त्यांचा अपघाती मृत्यू झाला. भाताण आमच्याच तालुक्यातलं. त्या बोगद्यातून जाताना आमच्या गाडीतलं कोणी ना कोणी फुलराणीचा विषय काढतंच.

तर या पोरानं काय केलं? त्याच्या ट्रेलरच्या फेऱ्या लोणंद, सासवड, जेजुरी या बाजूला लागायच्या. ढाब्यांवर तो मुद्दाम म्हाताऱ्यांच्या टेबलाला बसायला लागला. शब्द गोळा करत नव्हता. वाक्य कुठं वर जातं आणि कुठं खाली पडतं तेवढंच ऐकायचा. गाडी चालवताना एकटाच त्या चालीत मोठ्यानं बोलायचा. समोरच्या गाडीला शिव्यासुद्धा त्याच चालीत. महिन्याभरानं तालमीला आला आणि पहिलंच वाक्य असं टाकलं की शिक्षकमहाशयांनी चष्मा काढून पुसला. गंमत अशी, की 'नय' अधूनमधून येतच होतं. चाल बरोबर असल्यामुळे ते कोणाच्या कानाला टोचलं नाही. यावरून मी एक अनुमान काढलंय, शास्त्र म्हणून नव्हे: बोलीत शब्दांपेक्षा चाल आधी धरावी. उलट करणारे पुष्कळ नट गावरान दिसण्यासाठी दर वाक्याला एक 'न्हाई' पेरतात आणि बाकी चाल दादरची ठेवतात.

इथं परत माझ्या सुरुवातीच्या म्हणण्याकडे येतो. नोकरीतून सुटलेले नट मोठे होतात हे खरंच, त्यांना वेळ मिळतो, शरीर कमावता येतं. पण या पोराला सासवडचा ढाबा ट्रेलरनं दिला आणि मला तो अंगठा ऑफिसच्या काचेनं दिला. कार्यशाळेत असल्या गोष्टी मिळतात का, मला शंका आहे. तिथं सगळ्यांना ठाऊक असतं की आपल्याकडे बघितलं जातंय.

सगळं जमलं असं मात्र नाही. अटकेचा प्रवेश माझ्या हाती अजून लागलेला नाही. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडे देवरनावदगी गावात, तापानं फणफणलेले फडके देवळात झोपले असताना मेजर डॅनियलनं त्यांना धरलं. लेखकानं कंसात लिहिलंय, 'तापाने थरथरत'. मी आमच्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, थरथर ताप चढताना. तेव्हा माणसाला थंडी वाजते, तो पांघरूण ओढतो. चढून ठाण मांडलं की थरथर जाते, अंग भट्टीसारखं, डोळे जड, पांघरूण फेकून देतो. उतरताना घाम. म्हणजे मेजर आला तेव्हा यांपैकी काय चालू होतं ते आधी ठरवायला हवं. चढता ताप घेतला तर अंग आक्रसलेलं, त्यात उठून झटापट करता येते. ठाण मांडलेला घेतला तर माणूस अर्ध्या ग्लानीत, त्याला छातीवर पाय पडल्यावर आधी कळतच नाही की हे स्वप्न की काय. मी दोन्ही करून पाहिलेत. पहिल्यात मी शूर दिसतो, दुसऱ्यात खरा वाटतो पण मागच्या रांगेपर्यंत काही पोचत नाही. तिथं नुसता झोपलेला माणूस दिसतो. प्रकाशयोजनाकार म्हणतो, मी लाल करतो, तू पडून राहा. दिग्दर्शकही त्याच्या बाजूचा.

पुढचा प्रयोग पावसाळा संपल्यावर, खोपोलीला. मध्ये मला एकदा सर्दी-ताप झाला होता तेव्हा फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय. ऐकताना एक गोष्ट लक्षात आली: तापात मी वाक्याच्या शेवटचे शब्द खाऊन टाकतो आणि लोकांच्या प्रश्नाला उशिरा, पण भलत्याच स्पष्ट आवाजात उत्तर देतो. बायकोनं "गोळी घेतलीत का?" विचारलंय, मध्ये बराच वेळ पंख्याचा आवाज आहे, आणि मग मी ठणठणीत "हो" म्हटलंय. मेजरच्या पहिल्या प्रश्नाला असं उशिरा उत्तर देऊन बघायचं आहे. दिग्दर्शकाला अजून सांगितलेलं नाही. त्याचा पंधरा सेकंदांच्या शांततेवर विश्वास नाही.